बारीकसा आवाज

"हो, आला आता मला," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. "बारीकसा आहे खरा."

सिग्नल लाल होता आणि तिचा पाय ब्रेकवर होता. ब्रेक दाबला की तो आवाज बंद पडायचा, हाच तर त्याचा स्वभाव होता. पाय उचलून गाडी हळूहळू सरकू लागली की पुन्हा सुरू. म्हणजे ह्या घडीला गाडीत आवाज म्हणावा असं काही नव्हतंच, आणि नेमका ह्याच घडीला तो नवऱ्याला आला होता. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर घसरलेला, भुवया वर, आणि चेहऱ्यावर उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या पोराची तयारी. माणूस वाईट नव्हता. इतके दिवस "कसला आवाज?" आणि "मला तर काही येत नाही बुवा" असं म्हणून झाल्यावर कधीतरी त्याने मनाशी ठरवलं असणार की आता हो म्हणून टाकावं, बिचारीला तेवढंच बरं वाटेल. तिला बरं वगैरे काही वाटलं नाही. सिग्नल हिरवा झाला तरी ती तशीच बसून राहिली, मागच्याने हॉर्न मारला, आणि पाय उचलल्याबरोबर तिच्या बाजूच्या पुढच्या चाकातून तो आला. सीं. थोडं थांबून पुन्हा, सीं.

ब्रेकचं काम करून गाडी घरी आणली त्याच संध्याकाळी तो पहिल्यांदा ऐकू आला होता. छापखान्याची लांबलचक भिंत संपता संपत नाही, त्या भिंतीला लागून ती हळू चालली होती, काच खाली होती, आणि कुणी चमच्याने वाटीची कड घासत बसावं तसं काहीतरी भिंतीवर आपटून कानात आलं. गाडी जोरात नेली की इंजिनाच्या घरघरीत ते बुडून जायचं. वळताना कधी नाहीसं व्हायचं. चोरटा आवाज होता, चारचौघांत तोंड न उघडणारा. दुसऱ्याच दिवशी ती गाडी घेऊन परत गॅरेजवर गेली होती. मिस्त्रीने हात पुसले, स्वतः गाडीत बसून एक चक्कर मारून आला, आणि दार लावता लावता म्हणाला, "लोण्यासारखी चालतेय, ताई." आता हा मिस्त्री साधासुधा नव्हता. सगळा भाग त्याला कानवाला म्हणायचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आत बसल्या बसल्या तो सांगायचा की पट्टा सैल झालाय, नाहीतर सायलेन्सर फुटलाय, आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून तो डोळे मिटून उभा राही, तेव्हा गिऱ्हाइकंसुद्धा श्वास रोखून धरत. असा माणूस नाही म्हणतो म्हटल्यावर नाहीच, असं कुणीही म्हटलं असतं. नवऱ्याने तर म्हटलंच होतं.

पण नवऱ्याने नाही म्हटलं तेव्हा तिला नुसता राग आला होता. आज त्याने हो म्हटलं, आणि भीती वाटली. कारण ते वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचाच. आईला शेवटी शेवटी कपाटामागच्या भिंतीत कुणीतरी गुणगुणतंय असं वाटायचं. आई काही भोळीभाबडी बाई नव्हती. भाजीवाल्याच्या तागडीपासून जावयाच्या तब्येतीपर्यंत कशातही तिला फसवणं अवघड होतं. पण ती दुपारभर खाटेवर बसून भिंतीकडे कान लावायची आणि म्हणायची, "ऐक, परत लागलं." डॉक्टरांनी सांगितलं की भिंतीत काही नाही, जे आहे ते ह्यांच्या डोक्यात आहे, आणि ते आता वाढत जाईल. तसंच झालं. सुरुवात एका आवाजाने झाली, मग आईची भांड्यांची जागा चुकायला लागली, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग घरच्यांची. त्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा तिने आईसाठी कपाट सरकवलं होतं, गार भिंतीला कान लावला होता, रंगाचा आणि धुळीचा वास नाकात गेला होता, आणि आई इतक्या आशेने बघत होती की ती म्हणाली, "हो गं आई, येतोय. बारीकसा आहे खरा." आईने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खोटं बोलतेस." रागाने नाही. तिच्या गालावर दोन बोटं टेकवली, खाटेवर सरकून जागा केली आणि म्हणाली, "बस जरा. दमली असशील." ह्या गोष्टीला आता वर्षं लोटली. आरशात हल्ली आईची हनुवटी दिसायला लागली होती, जिना चढताना आईसारखा गुडघ्यावर हात जायचा, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. पण हनुवटीच्या पाठोपाठ बाकीचं सामानही येतं की काय, हा विचार तिने आजवर दाराबाहेर उभा ठेवला होता. आज तो आत येऊन बसला.

दुकानात दिवसभर तिचं लक्ष लागलं नाही असं म्हणावं तर तेही खरं नव्हे. लक्ष फार लागलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर माणूस, समोर उजळलेली अक्षरं, आणि ती काचा बदलत एकच प्रश्न विचारत राहणार: "आधीचं बरं की हे? हे बरं की आधीचं?" तिच्या धंद्याचं सगळं इमान ह्यावर उभं होतं की खुर्चीतला माणूस जे दिसतंय म्हणतो ते त्याला दिसतंय. त्याच्या डोळ्यांत शिरून बघायची काही सोय नव्हती. बहुतेक लोक खरं बोलत. काही मात्र बाहेर बाकावर बसल्या बसल्या अक्षरं पाठ करून येत, बस चालवणारे, क्रेनवर काम करणारे, ज्यांच्या पोटाचा प्रश्न असे ते. ती त्यांना चटकन ओळखायची. अशी माणसं खुर्चीत पुढे झुकून बसत, आणि अक्षर पुरतं उजळायच्या आधीच त्यांचं उत्तर तयार असे. तिने गुपचूप तक्ता बदलला की ते बिचारे आधीच्याच तक्त्यातली अक्षरं वाचत राहत. तिला त्यांचा कधी राग आला नाही. घाबरलेलाच माणूस पाठांतर करतो. आज एक म्हातारबाबा तिला म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा ना कुठलं बरं, मी हो म्हणतो," आणि ती एवढी हसली की म्हातारबाबा ओशाळले.

संध्याकाळी नवरा दुकानाशी येऊन थांबला तेव्हा तिने सांगितलं, "गॅरेजवर जायचंय."

"परत?" भांडण म्हटलं की नवरा दोन पावलं मागे असायचा. उभ्या आयुष्यात दूधवाल्याशी सुद्धा तो कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. "अगं, त्याने चक्कर मारून बघितलीय की. तो कानवाला, त्याच्याशी आवाजावरून वाद घालायचा म्हणजे... आपण दुसऱ्या कुणाला दाखवू या का?"

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. पण दुसराही नाही म्हणाला तर? एकाने नाही म्हटलं की वाद असतो. दोघांनी म्हटलं की ते निदान होतं. तिला वादच हवा होता. जगातलं ती बहुधा एकमेव गिऱ्हाईक असेल, जिला मनापासून वाटत होतं की मिस्त्रीने आपल्या गाडीची काहीतरी वाट लावलेली असू दे.

"मिस्त्रीने काहीतरी बिघडवून ठेवलंय," ती म्हणाली. "त्याच्याच हाताने चाक काढून घेते. तुम्ही समोर चहा घेत बसा. मी एकटी भांडते."

"बरं," नवरा म्हणाला. त्याला फार आग्रह करावा लागला नाही.

गॅरेज म्हणजे एक लांबोळकी शेड, अर्ध्या भागात उजेड आणि अर्ध्या भागात काळोख, जमिनीवर तेलाचे जुने नकाशे, भिंतीवर पान्यांची ओळ, प्रत्येक पान्यामागे खडूने काढलेली त्याची बाह्यरेषा, म्हणजे गेलेला पाना कुठला ते लगेच कळावं. मिस्त्री एका मोटारीच्या पोटाखालून बाहेर आला. केस पिकलेले, खांदे अजून दणकट. तिला बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई, तोच आवाज?"

"तोच."

"नवे ब्रेक, नवी चकती. माझ्या हाताने बसवलेत. मी चालवून बघितली. काही नाही तिच्यात."

"तुम्हाला आला नाही. नाही म्हणायला तेवढं पुरत नाही."

हे जरा लागणारंच होतं, आणि लागलं. मिस्त्रीने हातातलं फडकं बाकावर टाकलं. "इथे एवढी वर्षं लोक ह्या कानावर गाड्या सोडून जातात, ताई. तुम्ही म्हणता मला आला नाही. तुमच्या यजमानांना येतो?"

"त्यांनाही येत नाही."

"मग?" तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात सगळी डॉक्टर मंडळी बसली होती. लगेच त्याचंच त्याला वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "असं करू. मी थोडं साफसूफ करून देतो, एक फवारा मारतो, तुमच्या मनाचं समाधान."

"मनाचं समाधान नकोय मला," ती म्हणाली. "सगळे मला समाधानच द्यायला निघालेत. मिस्त्री, तुम्ही चाक काढा. आत काही नसेल तर मी तुमची माफी मागेन, आणि पुन्हा इथे येणार नाही, मला दुसरीकडेच कुठेतरी जावं लागेल. डोक्याच्या डॉक्टरकडे. माझ्या आईला असेच आवाज यायचे. म्हणून म्हणते, काढा."

मिस्त्री तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्याच वेळी मागच्या फळीवर त्याचा फोन वाजायला लागला, चिमणीसारखी चिवचिव घंटी, बारीक पण शेडभर घुमणारी. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मिस्त्रीने मान वळवली नाही. तिला आधी वाटलं, माणूस भांडणात आहे, नसेल घ्यायचा. मग तिच्या लक्षात आलं की तो पुढे झुकून उभा आहे, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याची मान हलतेय. ही मान तिच्या ओळखीची होती. अंधाऱ्या खोलीतल्या खुर्चीत ती रोज बसलेली असायची. तिने फोनबद्दल काही म्हटलं नाही. एवढ्या दिवसांचा राग मात्र कुठल्या कुठे गेला.

"बरं," मिस्त्री म्हणाला, "काढतो," आणि जॅक घ्यायला वळला.

चाक जमिनीवरून वर आलं. काढायच्या आधी त्याने ते हाताने हळूच फिरवलं, रिवाज म्हणून. सीं, चाक म्हणालं.

"हा."

"कुठे?"

"आत्ता. गेला. आता परत."

मिस्त्रीने चाक थांबवलं. चाकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग खिशातून पान्यांच्या रेषा काढायचा तो खडूचा तुकडा काढला आणि तिच्या हातात दिला. "मी चाक फिरवतो, तुम्ही टायरवर वरच्या बाजूला रेघ मारा. आवाज येईल तेव्हा." तिने मारली. "आता तिकडे तोंड करून उभ्या राहा. भिंतीकडे. आणि नुसतं आता म्हणा."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. समोर पान्यांच्या रेषा. मागे चाक फिरायला लागलं. लहानपणी लपाछपीत राज्य आल्यावर असंच भिंतीला तोंड लावून उभं राहायचं असे, आणि पाठीमागे सगळं जग आपल्यावाचून चाललेलं असे. तिने डोळे मिटले. आईची भिंत आठवली, गार. ह्या भिंतीतून काही येत नव्हतं, जे येत होतं ते मागून येत होतं, बाहेरून, चाकातून, आणि तिला एकदम पटलं की ते बाहेर आहे. पण पटण्याचं काय, आईलाही पटलेलंच होतं. "आता," ती म्हणाली. चाक फिरलं. "आता." मध्येच त्याने फसवायला चाक थांबवलं असावं, ती गप्प राहिली. मग उलटं फिरवलं, कधी हळू, कधी भरभर. "आता. आता." खडू तिने मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

"बस," मिस्त्री म्हणाला. "वळा."

तो उकिडवा बसला होता. "दर वेळी रेघ वरच होती," तो म्हणाला. "एकदासुद्धा चुकली नाहीत."

आवाज खरा आहे असं तो म्हणाला नव्हता. पण रेघेला कान नसतात आणि आईही नसते. तिला बसावंसं वाटलं म्हणून ती पालथ्या बादलीवर बसली. मिस्त्रीने चाक उतरवलं आणि विजेरी तोंडात धरून आत डोकं घातलं. चकतीच्या मागे धूळ अडवायला पातळ पत्रा असतो, त्या पत्र्याची कड एका ठिकाणी आत दबली होती, आणि दबलेली जागा घासून घासून चांदीसारखी चकाकत होती. मिस्त्रीने त्या चकाकीवरून बोट फिरवलं. विजेरी तोंडातून काढून म्हणाला, "हे माझंच काम. जुनी चकती गंजून बसली होती, निघेना. मी ह्या पत्र्यावर कोपर टेकवून जोर लावला. ते कोपर आहे हे."

"किती छान घासलंय," ती म्हणाली.

"काय?"

"छान झालं म्हणते." तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, खडूच्या हाताने नाक पुसत होती. गाडी बिघडवल्याबद्दल असा आनंद झालेलं गिऱ्हाईक मिस्त्रीच्या पाहण्यात नसावं. मग त्याने चकती हाताने फिरवली, कान अगदी जवळ नेऊन. पुन्हा फिरवली. तो लांब स्क्रूड्रायव्हर आणला, टोक पत्र्याला, मूठ कानामागे. डोळे मिटले. ती हसायची थांबली. चकती फिरत होती, सीं, सीं म्हणत होती, आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं.

"मोठा आहे का?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"मोठा नाही," ती म्हणाली. "पण स्पष्ट आहे."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हातोड्याने जातात म्हणे कान," तो म्हणाला. "माझा बाप म्हणायचा. इंजिनाचं अजून सगळं येतं मला. हे वरचं, बारीक... मला वाटलं, हल्ली गाड्याच चांगल्या बनवतात." एवढं बोलून त्याने पक्कड घेतली आणि पत्र्याची कड धरून बेताने बाहेर ओढली. चकती फिरवली. पुढे झुकला. "गेला?"

गेला नव्हता. निम्मा झाला होता, अर्ध्याहून कमीच. रस्त्यावर तो तिला बहुधा आलाही नसता. मिस्त्री खालून तिच्या तोंडाकडे बघत होता, अगदी आशेने, आणि हो म्हणून टाकणं किती सोपं आहे हे तिला माहीत होतं. तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. जिभेवर आलेलं वाक्य तिने गिळलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून आहे."

मिस्त्रीने मान डोलावली. पुन्हा पक्कड लावली, केसभर ओढलं. "हे बरं की आधीचं?"

"हे बरं. पण आहे."

"आता?"

"जरा जास्त झालं. आधीचं बरं होतं."

दोघं असे बसले होते, तो चाकाशी उकिडवा आणि ती बादलीवर, आणि शेडमध्ये बराच वेळ तिचाच धंदा चालू होता. शेवटी चकती फिरली आणि काहीही झालं नाही. तिने अजून दोन फेरे ऐकलं. "आता नाही," ती म्हणाली, आणि मिस्त्रीने एकदाही पुन्हा विचारलं नाही. चाक बसवताना तो म्हणाला, "माझ्या हातून झालं, ताई. त्या दिवशी तुम्हाला परत पाठवलं ते जास्त चुकलं." मग नट आवळता आवळता थांबला. "गाणं शिकवणारे एक गुरुजी आले होते मागे. गाडी शिट्टी घालते म्हणून. मी चारचौघांत म्हटलं, गुरुजी, शिट्टी तुम्हीच घालत असाल. सगळे हसले."

"त्यांना बोलावून घ्या."

"बोलावतो." फोन शोधायला तो फळीकडे गेला. फोनवर कुणाचे तरी न घेतलेले कॉल दिसत होते, ते त्याने बघितले, मग तिच्याकडे बघितलं. "वाजला होता?"

"दोनदा."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"भांडत होते ना," ती म्हणाली. "आमच्या दुकानाशेजारी कान तपासतात. चांगली मुलगी आहे, दुखत नाही, काही नाही."

"कानवाल्याने कान दाखवायला जायचं," मिस्त्री म्हणाला, आणि हसला, अगदी मोकळं नाही, पण हसला. "नंबर द्या तिचा."

नवरा समोरून रस्ता ओलांडून आला तो चेहऱ्यावर सांत्वन घेऊनच. काय झालं हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही, आणि तिने सांगितलं नाही. गाडी गल्लीतून बाहेर पडली. दिवे लागायच्या आधीचा उजेड होता. तिला भूक लागली होती, चांगली कडकडून, आणि घरी कालचं काही उरलं असेल तर तेही चाललं असतं. छापखान्याच्या भिंतीशी आल्यावर तिने काच खाली केली, वेग कमी केला आणि ऐकलं. टायर रस्त्यावर फिरत होते. आत छपाईची यंत्रं धडधडत होती. बाकी काही नव्हतं, आणि त्या काही नसण्यात तिला इतकं सुख वाटलं की तिने आणखी हळू केलं.

"येतोय का हो?" तिने विचारलं.

नवऱ्याने मान कलती केली. भुवया वर नेल्या. मनापासून, जीव ओतून ऐकलं. चुकीचं बोललो तर हिला काय वाटेल, हे सगळं त्याच्या कपाळावर लिहिलं होतं.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे सकाळच्याइतका नाही. पण आहे गं, बारीकसा."

तिला हसू आवरेना. गाडी भिंतीला लागून थांबवावीच लागली. नवरा गोंधळून आधी चाकाकडे, मग तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचं ते बघणं पाहून तिला आणखी हसू आलं, पोट दुखेपर्यंत.

"खोटं बोलताय," ती म्हणाली, आणि त्याच्या गालावर दोन बोटं टेकवली. तिथे खडूचे दोन पांढरे ठिपके उमटले, ते तिने घरी पोचेपर्यंत त्याला सांगितले नाहीत.